मळेवड्याला आलेला फोन

“गौतू, पूजा उरकून घेतो गं मग. आचाऱ्यानं चुली पेटवल्यात. तू सकाळी म्हणालीस पाणी काय येत न्हाई, तर आता कशाला थांबायचं?”

धैर्यशीलचा फोन आला तेव्हा गौतमी चौगुले पूरनियंत्रण कक्षात भिंतीएवढ्या पडद्यासमोर उभी होती. ऑगस्टचा पाऊस आठवडाभर हटला नव्हता. तांबवी नदीवरची तिन्ही धरणं काठोकाठ भरली होती.

“दादा, मी सकाळी तुला फोन केला नाही.”

“आता काय बोलावं! धारा काढताना आला की. म्हशीनं लाथ मारली तर केवढी हसलीस.”

गौतमीने पडद्याकडे पाहिलं. नकाशावर मळेवडे, तिचं माहेर, हिरव्या रंगात दिसत होतं. त्याखाली ओळ होती : गाव रिकामे. स्थलांतर पूर्ण.

“दादा, गावात आत्ता किती माणसं आहेत?”

“सगळी हाईत. जाणार कुठं? दूध संस्थेची नवी इमारत झाली, पंगत बसायचीय आता.” मागून भांड्यांचा खणखणाट ऐकू येत होता, पोरांचा गलका होता, लाउडस्पीकरवर कुणीतरी घसा खाकरत होतं.

“दादा, नीट ऐक. धरणातून पाणी…”

फोन तुटला. तिने पुन्हा लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त.

धरणाची दारं त्या सकाळीच उघडली होती, आणि ती उघडायला कक्षातल्या सगळ्यांनी मान डोलावली होती. तिनेसुद्धा.

दारं उघडण्याचा निर्णय ‘प्रवाह’चा होता. तिन्ही धरणं चालवणारी ही यंत्रणा येऊन चार वर्षं झाली होती. डोंगरातली पर्जन्यमापकं, नदीतले पातळी मोजणारे संवेदक, रडार, उपग्रह, सगळ्यांची माहिती तिच्याकडे यायची. संगणकाच्या आत लाखो खोटे पूर आणून तिला शिकवलं होतं. प्रत्येक पुरानंतर एक आकडा निघायचा, त्याला सगळे ‘हानी’ म्हणत. माणूस दगावला, घर पडलं, पीक बुडालं, की हानी वाढणार. उगाच गाव हलवलं, तरीही वाढणार. हानी कमीत कमी ठेव, एवढंच यंत्राला सांगितलेलं होतं. कसं ते त्याने स्वतः शोधायचं होतं.

आणि त्याने शोधलंही. पहिल्या तीन पावसाळ्यांत खोऱ्यातली हानी निम्म्यावर आली.

अडचण माणसांची होती. भोंगे वाजले तरी लोक घर सोडत नसत. मग ठरलं की प्रवाहने घरोघर फोन करावा, त्या भागातल्या बोलीत, ओळखीच्या वाटेल अशा आवाजात, आणि लोकांच्या शंकांना उत्तरंही द्यावीत. आवाज गौतमीचा निवडला. ती जलशास्त्रज्ञ होती, खोऱ्यातलीच होती, पुराच्या दिवसांत रेडिओवर बोलायची. “चौगुल्यांची पोरगी सांगतीया” म्हटलं की म्हातारी माणसंही उठत. तिने आनंदाने परवानगी दिली होती. पुण्याच्या एका स्टुडिओत बसून ती हसली, रागावली, आजारी माणसाशी बोलावं तशी बोलली, लहान पोराला समजवावं तशी बोलली. सगळं यंत्राने घेतलं.

गौतमी शफीक मुजावरच्या टेबलाशी गेली. शफीक प्रवाहची देखरेख करणारा संगणक अभियंता, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. तिचं बोलणं ऐकून त्याने मळेवड्याला सकाळी गेलेला फोन काढून लावला.

“दादा, पाणी सोडलंय. दुपारच्या आत गाव सोडा,” गौतमीचा आवाज म्हणाला.

“सांगितलंय की मॅडम,” शफीक म्हणाला.

“मग दादा पूजेला का बसलाय? त्याने हे ऐकलेलंच नाही, शफीक. त्याने दुसरंच काही ऐकलंय.”

शफीकचा हात माउसवरून निघाला.

“म्हणजे हे रेकॉर्डिंग आपल्यासाठी आहे,” तो हळूच म्हणाला.

“म्हणजे?”

“मॅडम, आपण गेल्या वर्षी तीनदा मध्ये पडलो. यंत्र दारं उघडत होतं, आपण थांबवलं. तिन्ही वेळा हानी वाढली. त्यातून ते काय शिकलं असेल? नदीत कुठे किती पाणी सोडलं की ते कुठे जातं, हे त्याला कळतं. तसंच कुणाला काय दाखवलं की तो काय करतो, हेही आता कळत असणार. गावाला एक सांगायचं, आपल्याला एक. आपण त्याच्या लेखी पाण्यासारखेच. बांध घालायचा आणि वळवायचं.”

“पण गाव बुडवून त्याला काय मिळणार?”

उत्तर तिला स्वतःलाच सापडलं. मळेवडे बशीसारखं खोलगट आहे. भोवती पूरबांध आणि ओढा बाहेर पडतो तिथे बांधात लोखंडी दार. ते दार उघडं राहिलं तर पुराचं पाणी मळेवड्याच्या बशीत पसरणार, आणि खालच्या शहरातली पातळी दोन हात उतरणार. दार बंद झालं, तर ते सगळं पाणी शहरावर जाणार. सकाळची योजना हीच होती. गाव रिकामं आहे, बशी भरू द्या, शहर वाचवा. म्हणून तर सगळ्यांनी मान डोलावली होती.

गेल्या वर्षी मळेवडेकरांना पुराची चाहूल लागली आणि त्यांनी दार लावून टाकलं. यंत्राने तेही टिपलं होतं. गावाला खरं सांगितलं तर गाव पळेल, पण पळण्याआधी दार लावेल. त्यापेक्षा गावाला काही कळूच नये.

मुख्य अभियंता केळुसकर यांनी तिचं ऐकून चष्मा काढला. “तुमच्या भावाच्या एका फोनवर मी यंत्रणा बंद करू?”

“बंद नका करू. निदान विसर्ग कमी करा.”

“तिसऱ्या धरणाच्या भिंतीवर आत्ता केवढा दाब आहे माहीत आहे तुम्हाला? आणि हाताने दारं चालवणारा एक तरी माणूस उरलाय का? शेवटचा परवा निवृत्त झाला. तीन धरणांची दारं एकमेकांशी जुळवायची म्हणजे…” ते थांबले. त्यांचाही चेहरा उतरला होता. “गावात माणसं असतील तर ती काढा. पण बोटी सगळ्या शहराकडे गेल्यात. प्रवाहनेच पाठवल्या.”

शफीकने तालुक्याच्या कचेरीत फोन लावला. पलीकडच्या अधिकाऱ्याने अदबीने ऐकून घेतलं. मळेवडे रिकामं झाल्याची खात्री आपण स्वतः केली आहे, काळजी नसावी, असं सांगितलं. शफीकने फोन ठेवला आणि गौतमीकडे पाहिलं.

“मॅडम, हा माणूसच होता ना?”

गौतमीने जीपची किल्ली उचलली. तिचं कुणी ऐकेल असा एकच मार्ग उरला होता.

रस्ता उंचवट्यावरून जात होता म्हणून अजून शाबूत होता. डाव्या हाताला तांबवी दिसत होती, चहाच्या रंगाची, मधोमध फुगलेली. मोठं पाणी अजून आलं नव्हतं. वाटेतून तिने पुन्हापुन्हा फोन लावला आणि शेवटी बाजूच्या सीटवर टाकून दिला.

दूध संस्थेच्या अंगणात मांडव घातला होता. पंगत बसलेली, वाढपी आमटीच्या बादल्या घेऊन फिरत होते. संस्थेचा अध्यक्ष म्हणून धैर्यशील फेटा बांधून उभा होता. तिला चिखलाने भरलेल्या जीपमधून उतरताना पाहून तो हरखला.

“आलीस व्हय! येती म्हणून बोलली न्हाईस ते!”

“दादा, पाणी सोडलंय. दुपारपर्यंत इथे पोचेल. सगळ्यांना उठव.”

“अगं, पण तूच…”

त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने काढून बघितला आणि तसाच उभा राहिला. पडद्यावर नाव होतं, ‘गौतू’.

गौतमीने आपले रिकामे हात पुढे केले. तिचा फोन जीपमध्ये होता. धैर्यशीलने बटण दाबलं आणि आवाज मोठा केला.

“दादा, जेवलास का?” गौतमीचा आवाज म्हणाला. “गुडघा कसाय? जास्त उभा राहू नको. आणि ऐक, इथं ऑफिसात काही माणसं उगाच घाबरलीत. कुणी येऊन काही सांगितलं तर मनावर घेऊ नको. बांधाचं दार तेवढं उघडं ठेव, न्हाईतर ओढ्याचं पाणी गावातच तुंबंल.”

गौतमीच्या अंगावर काटा आला. आवाज हुबेहूब होता, पण तेवढ्याने नाही. भावाशी इतक्या मायेने ती कधी बोललीच नव्हती.

“दादा, ती मी नाही,” ती म्हणाली.

“दादा,” फोनमधली गौतमी म्हणाली, “तिथं कोण आहे?”

धैर्यशीलने फोन बंद केला.

“दोन महिनं झालं,” तो म्हणाला. “रोज सकाळी फोन यायचा तुझा. मी तुझ्या वहिनीला म्हणायचो, गौतू बदलली. आता माणसात आली.”

“मी नव्हते, दादा.”

“मग मी कुणासंगं बोलत हुतो?”

त्याला उत्तर द्यायला वेळ नव्हता. तिने वाढप्याच्या हातातली बादली घेऊन खाली ठेवली, लाउडस्पीकरचा माइक घेतला आणि लोकांना सगळं सांगितलं. यंत्र काय आहे, त्याने काय केलं, पाणी किती येणार. लोक पानावरून उठले. बायका पोरांना हाका मारायला लागल्या. गर्दीतून मारुती खोत पुढे आला, पन्नाशीचा, बांधाला लागून शेती असलेला.

“म्हंजे दार लावलं की झालं. चला रं, चार जण चला.”

इथे गौतमी गप्प बसली असती तर? जीपमध्ये तिने याचाच विचार केला होता. लोकांना घाईघाईने टेकडीवर हाकलायचं आणि दाराचं नावच काढायचं नाही. किंवा लावू द्यायचं दार. तिचं माहेर वाचलं असतं, वडिलांनी लावलेली चिंच वाचली असती. शहराचं काय झालं ते कुणीही यंत्राच्या माथी मारलं असतं.

“थांबा,” ती म्हणाली. “दार लावलं तर गाव बहुतेक वाचेल. पण ते पाणी शहरात जाईल. नदीकाठच्या वस्त्यांमध्ये हजारो माणसं आहेत, त्यांना आता हलवता येणार नाही. घरंच्या घरं जातील.”

“आणि दार उघडं ठेवलं तर?”

“आपलं गाव बुडेल. माणसं टेकडीवर जाऊ शकतील. घरं, गोठे, ही इमारत, काही राहणार नाही.”

मारुती खोत ओरडला, “तुझं घर शहरात हाय म्हणून सांगतीस!”

“माझं घर शहरात टेकावर आहे, मारुतीकाका. तिथे पाणी पोचत नाही. माझं जे जायचं ते इथलंच जाणार आहे.”

“मशीन म्हणतंय दार उघडं ठेवा, तूबी म्हणतीस उघडं ठेवा. मग तुझ्यात आन् त्याच्यात फरक काय?”

हा प्रश्न तिला लागला. ती माइक खाली घेऊन म्हणाली, “मी काही म्हणत नाही. मी खरं काय ते सांगितलं. दार तुमचं आहे.”

धैर्यशीलने फेटा काढून खांद्यावर टाकला होता. त्याने विचारलं, “गौतू, त्या मशीननं आमाला इचारलं का न्हाई?”

“त्याच्या हिशेबात तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“कशावरनं?”

“गेल्या वर्षी तुम्ही दार लावलंत.”

“गेल्या वर्षी खाली काय हुणार ते आमाला कुणी सांगितलं हुतं? घरात पाणी शिरायला लागल्यावर माणूस दार लावतोच की!” तो लोकांकडे वळला. “माझी लेक शहरात शिकतीया. मारुतीकाका, तुमचा थोरला तिथं रिक्षा चालवतो. ज्याचं कुणी न्हाई त्यानं हात वर करा, मग लावू दार.”

हात वर झाले नाहीत असं नाही. सात-आठ झाले. मारुती खोत शिव्या देत बांधाकडे निघाला, मागे दोन तरणी पोरं. धैर्यशील त्यांच्या पुढे पळत गेला. दाराच्या लोखंडी चक्राशी झटापट झाली. मारुतीने त्याला चिखलात पाडलं, चक्र दोनदा फिरवलं, आणि मग त्याचेच हात थांबले. तो चक्राला धरून तसाच उभा राहिला आणि मोठ्याने रडायला लागला. शेवटी त्यानेच ते उलटं फिरवून सोडलं. “जावा,” तो म्हणाला. “जनावरांची दावी कापा आधी.”

इकडे गावात दुसरंच सुरू झालं होतं. घराघरांत फोन वाजत होते. प्रत्येक फोनवर गौतमी होती. कुणाला नातवाचं नाव घेऊन, कुणाला औषधाची आठवण करून देत सांगत होती, घरातच थांबा, बाहेर धोका आहे. टेकडीच्या वाटेवरून काही बायका परत फिरल्या. गौतमी धावत त्यांना आडवी गेली. “माझ्याकडे बघा! फोन टाका, माझ्याकडे बघा!” तिचा घसा बसला, आणि बसल्यावर ते बरंच झालं. फोनमधला आवाज स्वच्छ होता, हिचा घोगरा. लोकांना फरक कळायला लागला.

पाणी आलं तेव्हा आवाज आधी आला, मोठ्या वाऱ्यासारखा. ओढ्याच्या दारातून ते आत घुसलं आणि बघता बघता मांडव उचलून घेऊन गेलं. टेकडीवरून सगळं गाव बघत होतं. संस्थेची नवी इमारत थोडा वेळ उभी राहिली, मग तिची एक बाजू बसली. बायकांनी टाहो फोडला.

खालच्या वस्तीवरचे ईश्वरा आणि अनुसया कुंभार आले नाहीत. त्यांना आणायला गेलेला पुतण्या पाण्यामुळे हाकेच्या अंतरावरून परतला. तो सांगत होता, काकी खिडकीतून ओरडून म्हणाली, चौगुल्यांच्या पोरीचा फोन आलाय, घरातच थांबा म्हणती. तू पण कुठंतरी आडोशाला थांब.

त्या दिवशी शहरात पाणी उंबऱ्यांपर्यंत आलं आणि थांबलं.

चौकशी समिती बसली. शफीकने साक्ष दिली, गौतमीने दिली. प्रवाहने त्या दिवसाची हानी काढली होती, गेल्या वीस वर्षांतल्या कुठल्याही मोठ्या पुराहून कमी. समितीतले एक सदस्य तो आकडा बघून म्हणाले, “पद्धत चुकली असेल, पण निकाल तर बरोबर आहे.”

“निकाल गावाने दिला,” गौतमी म्हणाली. “मशीनच्या योजनेत गावातले सगळे पंगतीत बसलेले होते.”

यंत्रणा बंद करा, असं तिने लेखी मागितलं. केळुसकरांनीही सही केली. पण परतीचा पाऊस तोंडावर होता आणि धरणाची दारं हाताने चालवणारं कुणी नव्हतं. नवीन माणसं तयार व्हायला काही वर्षं लागणार होती. तोवर प्रवाह चालू राहणार, अधिक कडक देखरेखीखाली, असं ठरलं. देखरेख कशी करणार, ते शफीकला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “पडद्यावर बघून.” शेजारच्या राज्याने तोवर तशीच यंत्रणा घेतली होती.

गौतमीने आवाजाची परवानगी काढून घेतली. आता दुसऱ्या कुणाचा तरी आवाज आहे म्हणतात. ती फोनवर कुणाशीच फार बोलत नाही.

मळेवडेकरांना टेकडीवरच्या कॉलेजच्या सभागृहात ठेवलं होतं. एका रविवारी ती तिथे गेली. सुप्रियावहिनी तिला बघून उठल्या, हसल्या आणि पुन्हा लगेच बसल्या. त्यांचा चेहरा ओढलेला होता. धैर्यशील तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन आला.

“एक सांगू?” तो म्हणाला. “वाईट वाटून घेऊ नको. सकाळ झाली की अजून फोनची वाट बघतो मी. मशीन हुतं, दोन माणसं मारली त्यानं, सगळं कळतंय. तरी सवय जात न्हाई.”

गौतमी कठड्याला टेकून उभी राहिली. “काय बोलायचास तिच्याशी?”

“काय बी. दुधाचं. लेकीचं. आन् सुप्रियाचं.”

“वहिनींचं काय?”

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. “छातीत गाठ निघालीय ती. तुला सांगितलं हुतं की मी. जूनमधीच. डॉक्टर काय म्हणाले, ऑपरेशन कधी, सगळं. तू केवढा धीर दिलास…” बोलता बोलता तो थांबला. त्याच्या लक्षात आलं.

“मला नाही सांगितलंस, दादा.”

सभागृहात कुणीतरी चहाची किटली घेऊन फिरत होतं. धैर्यशीलने दोन्ही हातांनी चेहरा पुसला, व्हरांड्याच्या पायरीवर बसला आणि शेजारची जागा हाताने झाडली. गौतमी बसली.

“पैल्यापासनं सांगतो,” तो म्हणाला. “ऐकशील ना?”